गावरान अंडी विकायचीत? आधी अंड्याअंड्यातला फरक ओळखा



परसातल्या कोंबड्यांपासून धंदा सुरू करणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, खुराडं एक, खाद्य एक, मग अंडी वेगवेगळी का? एक तपकिरी, एक पांढरट. एक टणक, दुसरं हातात धरलं की फुटतं. गिऱ्हाइकाला सांगायचं काय?"

उत्तराआधी एक साधा हिशोब करा. समजा, तुमच्या २० कोंबड्यांपासून रोज १२ अंडी मिळतात. महिन्याची झाली ३६०. आठवड्याला एक डझन घेणारं घर महिन्याला ४८ अंडी घेतं. म्हणजे सात-आठ घरं हाच तुमचा अख्खा बाजार! एका घरात एक खराब अंडं निघालं आणि ते घर तुटलं, तर धंद्याचा आठवा हिस्सा गेला. म्हणून कोणता फरक नुसता दिसायचा आणि कोणता दोषाचा, हे तुम्हाला कळलंच पाहिजे.

रंग: हा दोष नाही

कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. लेगहॉर्न पांढरं अंडं देते, वनराजा आणि ग्रामप्रिया तपकिरी देतात. कडकनाथ काळी असली तरी तिचं अंडं काळं नसतं, फिकट बदामी असतं. बलकाचा रंग मात्र खाण्यावर ठरतो. पिवळा मका, लसूणघास, शेवग्याचा पाला, मोकळ्यावरचं हिरवं गवत मिळालं की बलक गडद होतो. नुसती तांदळाची कणी घातली की फिका पडतो. पण गडद बलक म्हणजे जास्त ताकद, असं सांगून अंडी विकू नका. जे खरं आहे तेच सांगा: "आमच्या कोंबड्या पाला खातात, म्हणून बलक असा दिसतो."

आकार: हा वयाचा खेळ

तलंग साधारण पाच-सहा महिन्यांची झाली की अंड्यावर येते. सुरुवातीची अंडी लहान असतात, मधूनच एखादं दोन बलकांचं निघतं. वय वाढतं तसं अंडं मोठं होतं. ॲगमार्कच्या प्रतवारीत ३८ ते ४४ ग्रॅमचं अंडं लहान, ४५ ते ५२ मध्यम, ५३ ते ५९ मोठं आणि ६० च्या पुढे एक्स्ट्रा लार्ज धरतात. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घ्या आणि वजनाप्रमाणे अंडी वेगळी करा. एका पुड्यात सगळी सारखी दिसली की "यावेळी लहान दिली" ही कुरबुर बंद होते. लहान अंड्यांचा पुडा थोड्या कमी भावात द्या, तोही खपतो.

कवच: इथे लक्ष द्या

एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. कवच तयार व्हायला जवळपास २० तास लागतात आणि त्यातला बराच वेळ रात्रीचा असतो. म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा, संध्याकाळी तर नक्कीच. जिला हवा ती खाईल. उन्हाळ्यात कोंबडी धापा टाकते, खाणं कमी करते, त्यामुळेही कवच पातळ होतं. सावली आणि गार पाणी हा त्यावरचा स्वस्त उपाय. वय झालेल्या कोंबडीचं कवच पातळच राहतं. ती अंडी लांब पाठवू नका, घरी वापरा.

पण एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या मऊ, वेडीवाकडी अंडी द्यायला लागल्या, अंडी एकदम घटली, तर चुऱ्यावर भागवू नका. राणीखेतसारख्या रोगातही असं होतं. त्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवा.

आतला माल: घर तुटतं ते इथे

ताजं अंडं फोडलं की बलक उभा राहतो, पांढरं घट्ट असतं. शिळ्याचं पाण्यासारखं पसरतं. अंडं शिळं होतं तशी आतली हवेची पोकळी वाढते, म्हणून ते पाण्यात तरंगतं. लाकडाच्या ढिगामागे सापडलेलं, किती दिवसांचं ते माहीत नसलेलं अंडं पुड्यात घालायचंच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खाण्याच्या अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. कोंबडी त्याच्याशिवायही अंडी घालते आणि पोषणात फरक पडत नाही. कोंबडा असेल तर अंडं फळतं. अंडं उबवायला साधारण ३७.५ अंश ऊब लागते आणि विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत तेवढी ऊब आपोआप मिळते. दोन-तीन दिवसांत आत रक्ताच्या शिरांचं जाळं दिसतं. गिऱ्हाइकाने ते तव्यावर पाहिलं की पुन्हा फोन येत नाही. पिल्लं हवी असतील तर कोंबडा आणि चार कोंबड्या वेगळ्या ठेवा. खुडूक कोंबडीही अंड्यांवर बसू देऊ नका. ताज्या अंड्यात कधी रक्ताचा एखादा ठिपका दिसतो, तो मात्र अपायकारक नसतो. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा.

उद्यापासून एवढं करा

१. सकाळी आणि दुपारी, दिवसातून दोनदा अंडी गोळा करा.
२. अंडी धुऊ नका. कवचावर नैसर्गिक थर असतो, तो धुतला जातो. कोरड्या फडक्याने पुसा आणि घरट्यातलं भुसकट बदलत राहा.
३. अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर धरून पाहा. बारीक तडा किंवा आतली जाळी दिसली की बाजूला काढा.
४. पेन्सिलने तारीख टाका. गार जागी ठेवा, कांदा-लसूण आणि रॉकेलपासून लांब. अंडं वास ओढून घेतं.
५. "खराब निघालं तर बदलून दोन देतो" असं तोंडावर सांगा आणि पाळा.

बाजारात पांढरी अंडी रंगवून गावरान म्हणून विकल्याच्या तक्रारी होत असतात. त्यामुळे गिऱ्हाईक आधीच संशयात असतं. तुमच्या अंड्यावर तारीख आहे आणि प्रश्न विचारला की तुम्ही कारण सांगता, एवढ्यावरच ते दोन रुपये जास्त देतं.

या आठवड्यात सात दिवसांची अंडी मोजा, तोला आणि वहीत लिहा: किती मिळाली, किती विकण्याजोगी, किती बाजूला काढली आणि का. ही वही हातात घेऊनच भाव ठरवा.