मलेरिया नाही, मग ताप कशाचा?

गडचिरोलीत लेकराला ताप आला की आशाताई आधी बोटातून रक्ताचा थेंब घेऊन मलेरियाची पट्टी लावते. ते बरोबरच आहे. पण पट्टी निगेटिव्ह आली, ताप तिसऱ्या दिवशीही उतरेना, डोळे लाल झाले पण चिपडं नाहीत, ओठ लालभडक, अंगावर पुरळ, पोटात दुखून उलट्या-जुलाब, तर घरी थांबू नये. गेल्या २ ते ६ आठवड्यांत मुलाला किंवा घरात कुणाला कोविड झाला होता का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

ही लक्षणं कोविडनंतर मुलांना होणाऱ्या एमआयएस-सी या आजाराची असू शकतात. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनच्या डॉक्टरांनी त्याकडे लक्ष वेधलं. विदर्भात कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर त्याची धास्ती वाढली. विषाणू बहुधा निघून गेलेला असतो, पण बिथरलेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच हृदयाला, रक्तवाहिन्यांना, आतड्याला सूज आणते. कोविड झालेल्या फार थोड्या मुलांना हे होतं, आणि मूळ कोविड इतका सौम्य असू शकतो की कुणाच्या ध्यानातही येत नाही.

निदानाला रक्ततपासण्या आणि हृदयाची इको लागते. उपचार स्टेरॉइड आणि शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन. ते वजनाच्या किलोमागे २ ग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलाला ४० ग्रॅम, औषध महागडं. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक मुलं बरी होतात, हृदयही सावरतं.

खरी अडचण अंतराची. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. हातपाय गार पडेपर्यंत वाट पाहणं तिथे परवडत नाही.