दारातली तुळस: लावावी कशी, खुडावी कशी

श्रोतेहो, मी वनस्पतिशास्त्राचा पंडित नव्हे. कामगारांच्या चाळींतून वर्गणी गोळा करीत हिंडलेला माणूस आहे. साताऱ्याच्या पेठा असोत की सांगलीच्या कामगार-वस्त्या, दारात तुळस नाही असे घर विरळा. पण एकदा लावलेली तुळस दुसरा पावसाळा पाहते, असे घर त्याहून विरळा. रोज पाणी, रोज दिवा, आणि पौष आला की नुसत्या काड्या! असे का होते?

1982 साली मुंबईत गिरण्यांचा संप झाला. वडिलांचे काम गेले आणि आम्ही खटाव तालुक्यातल्या गावी परतलो. आईने गॅलरीतली तुळस डब्यासकट एस.टी.तून आणली. त्या थंडीत ती वाळली. आपल्या हातून काही चुकले, म्हणून संसार उठला आणि तुळसही गेली, हा सल आईच्या मनात कायम राहिला. पुढे संघटनेतल्या एका माळीबुवांनी मला कारण सांगितले. डब्याला भोक नव्हते आणि मंजिऱ्या कुणी खुडल्या नव्हत्या. एवढेच!

तुळशीला पाणी हवे, पण मुळाशी साचलेले नको. अति पाण्याने जमीन कशी क्षारपड होते, हे वाळवा-मिरजेकडील शेतकऱ्यांना सांगायला नको. कृष्णाकाठची काळी माती पाणी धरून ठेवते. म्हणून दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत व एक भाग वाळू घ्यावी. डब्याच्या बुडाला तीन-चार भोके पाडावीत. बोटाचे पेर मातीत घालून पाहावे. कोरडे लागले तरच पाणी द्यावे. निम्मा दिवस ऊन हवेच.

ज्येष्ठ-आषाढात बी मातीवर भुरभुरावे आणि वर बारीक मातीचा पातळ थर द्यावा. खोल पुरले तर उगवत नाही. रोप वीतभर झाले की शेंडा पानांच्या जोडीच्या थोडा वर खुडावा. एका शेंड्याच्या जागी दोन फांद्या फुटतात आणि झाड भरते. मंजिरी दिसताच काढावी. बी धरले की झाडाची ताकद बियांत जाते आणि खालची पाने गळू लागतात. बियाण्यापुरत्या दोन मंजिऱ्या मात्र तपकिरी होईतो ठेवाव्यात, कारण दोन-तीन वर्षांत झाड जून होते आणि नवे रोप तयार लागते.

तोडणी सकाळी, दव सुकल्यावर करावी. एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून अधिक घेऊ नये. मागे पाने राहिली तरच झाड पुन्हा कमावते. पाने सावलीत वाळवावीत. उन्हात त्यांचे सुगंधी तेल उडून जाते. या तेलात युजेनॉल असते. लवंगेचा वासही त्याचाच. सरबतात भिजवून घालतो तो सब्जा तुळशीच्याच कुळातला. त्याची लागवड व खुडणीही अशीच.

थंडीत वाढ मंदावते. तेव्हा पाणी कमी, तोडणी कमी, आणि रात्री कुंडी भिंतीच्या आडोशाला. कित्येक घरांत द्वादशीला तुळस तोडत नाहीत. माझी हरकत नाही. पंधरवड्याची सुट्टी कुणाही कष्टकऱ्याला हवीच.

मंजिरी खुडणे हे पाप नव्हे, ती सेवाच आहे. हे आईला वेळीच सांगणारे कुणी भेटले नाही. आपल्या दारची तुळस वाळली असेल, तर घरच्या बाईला बोल लावण्याआधी डबा उलटा करून पाहा.