झेरॉक्सचं दुकान, ग्रंथालय आणि कॉपीराइट

कॉपीराइट हा लेखकाचा नैसर्गिक हक्क, की कायद्याने दिलेला? हा प्रश्न आपल्याला तत्त्वज्ञानाच्या वर्गातला वाटतो. दिल्लीत मात्र तो एका झेरॉक्सच्या दुकानावरून न्यायालयात गेला.

दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात हे दुकान. अभ्यासक्रमाला नेमलेली प्रकरणं निरनिराळ्या पुस्तकांतून काढून, एकत्र बांधून विद्यार्थ्यांना मिळत. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला.

आता बघा, १९५७च्या कायद्यात कलम ५२ आहे. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात प्रत काढली, तर तो कॉपीराइटचा भंग नव्हे. प्रकाशकांचं म्हणणं, अध्यापन म्हणजे वर्गातला तास. पण तासाआधीचं वाचन, नंतरची टिपणं, परीक्षेची तयारी, यातलं वगळायचं काय? आम्हा शिक्षकांना तर सांगता येणार नाही! दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये व्यापक अर्थच घेतला, आणि कॉपीराइट हा दैवी वा नैसर्गिक हक्क नव्हे, असंही म्हटलं. डिसेंबरात खंडपीठाने तो अर्थ कायम ठेवला. नेमलेला मजकूर शिकवण्यासाठी खरोखर लागत होता का, एवढं तपासायला सांगितलं. पुढे प्रकाशकांनीच दावा मागे घेतला.

लेखकाच्या पोटाचं काय, असं कुणी विचारेल. रास्त आहे. अख्खी कादंबरी झेरॉक्स करून विकणं ही चोरीच. पण नेमलेल्या वीस पानांसाठी महागडं परदेशी पुस्तक विकत घेणारा विद्यार्थी आम्हाला तरी भेटलेला नाही.

ग्रंथालयांचं दुखणं याहून अवघड. छापील पुस्तक घेतलं की ते ग्रंथालयाचं, वीस वर्षांनीही वाचकाला देता येतं. ई-जर्नलचा मात्र आपण परवाना घेतो. वर्गणी थांबली की अनेकदा मागचे अंकही बंद! २०१२च्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायची मुभा दिली, चांगलं झालं. पण अट अशी, की बिगर-डिजिटल प्रत आधीच हाताशी हवी. मग जे कागदावर कधी आलंच नाही, त्याला ही मुभा लागत नाही. तिथे सगळं करारावर. म्हणून सही करण्याआधी ग्रंथपालाने विचारावं, वर्गणी संपल्यावर जुने अंक आमच्याकडे राहणार का? आणि उत्तर लेखी घ्यावं.