माळ्यावरची पेटी आणि तीन सूर

मैत्रिणींनो, माहेरून आणलेली पेटी माळ्यावर कधी गेली, आठवतं का? माझी गेली शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून. आता दुपारची आवराआवर झाली, की हेडफोन लावून मी संगणकावर चाली बांधते. घरचे म्हणतात, "हे कसलं यंत्राचं संगीत!"

त्यांना मी पाचगणीची गोष्ट सांगते. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत 1958 साली फारूख बलसारा या मुलाने मित्रांसह 'द हेक्टिक्स' बँड काढला. तोच पुढचा फ्रेडी मर्क्युरी. त्याच्या 'क्वीन'ने सिंथेसायझर वापरला नसल्याचे रेकॉर्डच्या वेष्टनावर अभिमानाने छापले होते. 1980 साली मात्र त्यांनीही तो वापरलाच!

जुन्या व्हिडिओ गेमसारख्या ट्यांव-ट्यांव आवाजातल्या संगीताला चिपट्यून म्हणतात. 1982 च्या कॉमोडोर 64 संगणकाच्या चिपमधून एका वेळी तीनच सूर निघत. तेवढे पुरतात. एकावर षड्ज धरा, दुसऱ्यावर भूपातली सोपी चाल, तिसऱ्यावर ठेका. त्यासाठी फुकट सॉफ्टवेअरही मिळते. पहिल्या दिवशी चार मात्रा जमल्या तरी खूप झालं.

आणि हो, पेटीही खाली काढा. चाल आधी तिच्यावरच सुचते!