मचाणावरचा राखणदार आणि कागदावरचा परवाना

भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांच्या बेचक्यात वसलेला राहू बेटाचा परिसर ऊस आणि गुऱ्हाळे यांसाठी ओळखला जातो. भीमेच्या एका तीरावर दौंड तालुका, दुसऱ्या तीरावर शिरूर. दोहोंकडे उसाचेच फड. आडसाली लागणीचा ऊस सुमारे दीड वर्ष शेतात उभा असतो आणि तो तुटला की खोडवा वाढीस लागतो. साहजिकच अन्न, पाणी व दाट आडोसा या तिन्ही गोष्टी वन्य जनावरांना बारमाही लाभतात. अशा फडात रानडुक्कर शिरले तर नवल ते काय? खरा प्रश्न आहे तो त्याला बाहेर काढावे कोणी आणि कोणत्या साधनाने, हा.

या प्रश्नाचे आपल्याकडील सर्वांत जुने उत्तर म्हणजे शेतातला माळा. चार मेढी रोवून वर फळ्या टाकायच्या आणि गोफण, डबा, कंदील घेऊन रात्र जागवायची, ही राखणीची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. त्याच माळ्यावर बंदूक आली की त्याचे मचाण होते. रानडुकराची नजर बेताची असली, तरी नाक विलक्षण तीक्ष्ण असते. म्हणून मचाण वाऱ्याची दिशा पाहून बांधावे लागते. बसणाऱ्याचा वास जनावराकडे गेला की रात्र फुकट जाते. उंचावरून झाडलेली गोळी जमिनीत रुतते, त्यामुळे आसपासच्या वस्तीला असलेला धोका पुष्कळ कमी होतो. मात्र नेम चुकून जनावर नुसते जखमी झाले, तर उसात दडलेले ते सुळेवाले जनावर पहाटे पाणी धरायला येणाऱ्याच्या जिवावर उठते. थोडक्यात, हे काम सरावलेल्या हाताचे आहे. दिवसभर राबून डोळ्यांवर झोप आलेल्या कुणब्याचे नव्हे.

कायद्याने या बाबतीत दार पूर्णपणे बंद केलेले नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मुळात परवाने घेऊन शिकार करण्याची तरतूद होती. 1991 च्या दुरुस्तीने ती संपुष्टात आली. तथापि उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या रानडुकराला मारण्याची लेखी अनुमती कलम 11 खाली देता येते. 2022 च्या दुरुस्तीने ते दुसऱ्या परिशिष्टात गेले, तरी ही वाट खुली राहिली. महाराष्ट्र शासनानेही 2015 साली रानडुक्कर व रोही यांच्याबाबत परवानगीची पद्धत ठरवून दिली. असे मारलेले जनावर मात्र शासनाची मालमत्ता ठरते.

परंतु परवान्याने डुक्कर मरत नाही, त्याला बंदूक लागते. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. प्रत्यक्षात किती शेतकऱ्यांच्या घरी अशी बंदूक आहे? जेथे आहे तेथेही निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघतो. मग निरुपायाने कोणी बांधावरच्या तारेत वीजप्रवाह सोडतो, कोणी आमिषात गावठी स्फोटक दडवतो. तारेला डुक्कर आणि शेजारचा मजूर यांतला फरक कळत नाही. कायदेशीर वाट अवघड ठेवली की बेकायदा वाट रुळते, हा अनुभव येथेही खरा ठरतो.

त्यात या पट्ट्यात आणखी एक गुंतागुंत आहे. ज्या उसात डुक्कर दडते त्यातच बिबट्या पिले वाढवतो. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा बळी गेला. तेव्हा रात्री एकट्याने फडाकडे जाऊन माळ्यावर चढणे हेच आता जिवावरचे साहस झाले आहे. शिवाय डुकरांची पिले हे बिबट्याचे भक्ष्य आहे. रानातील भक्ष्य संपवत गेलो, तर त्याची नजर वस्तीतल्या कुत्र्यांकडे आणि शेळ्यांकडे अधिकच वळणार, याचाही विचार व्हायला हवा.

जर्मनीत शेतांच्या कडेला रानडुकरांसाठी लाकडी मचाणे सर्रास उभी दिसतात. परंतु तेथील व्यवस्थेचे मर्म मचाणात नसून जबाबदारीत आहे. शिकारीचा हक्क मक्त्याने घेणाऱ्याने डुकरांनी केलेली पिकाची नासाडीही करारानुसार भरून द्यायची असते. साहजिकच डुकरांच्या संख्येवर लक्ष ठेवण्यात त्याचे हित असते. ती व्यवस्था जशीच्या तशी येथे आणावी असे कोणी म्हणणार नाही. पण हक्क आणि दायित्व एका हाती असावे, हे तत्त्व घेण्याजोगे आहे. आपल्याकडे जनावर शासनाचे, पीक शेतकऱ्याचे आणि रात्रीचे जागरणही शेतकऱ्याचेच, अशी विभागणी झालेली आहे.

ती बदलायची तर परवाना एकट्या शेतकऱ्याच्या हाती ठेवून भागणार नाही. वनखात्याने तालुकावार प्रशिक्षित नेमबाजांची पथके ठेवावीत, मचाणाची जागा व रात्र त्यांनीच ठरवावी आणि गावाला आगाऊ सूचना द्यावी. सुमारे चार महिन्यांच्या गर्भकाळानंतर एका वेळी चार-सहा पिले देणाऱ्या या जनावराची संख्या एखाददुसऱ्या गोळीने आटोक्यात येत नाही. कामात सातत्य हवे. नुकसानीचा पंचनामा पुढच्या तोडीपूर्वी व्हावा, आणि शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणजे रात्री उसात शिरण्याचे कारणच उरणार नाही. वन्यजीव राखणे हे साऱ्या समाजाचे कर्तव्य असेल, तर त्यासाठी होणारे जागरण एकट्या ऊसवाल्याच्या माथी मारता येणार नाही.