दीर्घ पदभ्रमणासाठी नकाशांची निवड : यवतमाळ जिल्ह्याचे उदाहरण

क्षेत्राभ्यासासाठी चार-सहा दिवस पायी हिंडावयाचे असेल, तर दिवसाची मजल, पाण्याची सोय व रात्रीचा मुक्काम ही सर्व नकाशावर अवलंबून राहतात. म्हणून नकाशा कोणत्या मालिकेतील, कोणत्या प्रमाणाचा व कोणत्या वर्षीच्या सर्वेक्षणाचा, हे प्रश्न प्रस्थानापूर्वीच सोडवावे लागतात. यवतमाळ जिल्हा या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. २०° उत्तर अक्षवृत्त व ७८° पूर्व रेखावृत्त आर्णीच्या दक्षिणेस थोड्या अंतरावर एकमेकांस छेदतात, आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पत्रकांची विभागणी नेमकी याच दोन रेषांवर होते.

जुन्या क्रमांकपद्धतीत चार अंश लांबीरुंदीच्या प्रत्येक विभागास एक अंक असतो. त्याचे ए ते पी असे एकेक अंशाचे सोळा भाग, व प्रत्येक भागाची पंधरा मिनिटांची सोळा पत्रके पडतात. क्रम वायव्य कोपऱ्यापासून सुरू होऊन वरून खाली जातो. यवतमाळ शहर ५५ एल/३ या पत्रकात, आर्णी ५५ एच/१६ मध्ये आणि उमरखेड ५६ ई/१० मध्ये येते. यवतमाळहून आर्णीमार्गे उमरखेडपर्यंतचे अंतर सरळ रेषेने सुमारे १०० किलोमीटर भरते. परंतु तेवढ्यासाठी तीन निरनिराळ्या अंश-विभागांतील मिळून साधारणपणे सहा पत्रके जवळ बाळगावी लागतात.

प्रमाणाचा विचार मजलीवरून करावा. २० किलोमीटरांची मजल १ : २,५०,००० या प्रमाणावर ८ सेंटिमीटर, तर १ : ५०,००० वर ४० सेंटिमीटर दिसते. पहिला नकाशा एकंदर मार्ग आखण्यास पुरेसा आहे. प्रत्यक्ष चालताना मात्र दुसऱ्याला पर्याय नाही. त्यावर समोच्च रेषांतील अंतर २० मीटर असते. जिल्ह्याच्या मोठ्या भागात बसाल्टचे थर पायऱ्यापायऱ्यांनी रचलेले आहेत. त्यामुळे १५ मीटरांचा उभा कडा दोन रेषांच्या मध्ये दडून राहू शकतो. कागदावर मोकळा दिसणारा उतार जागेवर तसाच असेल, असे गृहीत धरू नये.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरिकांसाठी निघालेल्या मुक्त मालिकेत जागतिक अनुप्रस्थ मर्केटर प्रक्षेपण वापरले आहे. त्याच्या ४३ व ४४ या पट्ट्यांची सीमाही ७८° रेखावृत्तच होय. परिणामी या रेषेच्या पश्चिमेकडील पत्रकावर पूर्वांक सुमारे ८१४ किलोमीटर असताना लगतच्या पूर्वेकडील पत्रकावर तो एकदम १८६ होतो. शिवाय दोन्ही जाळ्यांची उत्तर दिशा खऱ्या उत्तरेपासून विरुद्ध बाजूंना सुमारे एकेक अंश कललेली असते. या प्रदेशात चुंबकीय विचलन एका अंशाहून कमी आहे. पण जाळ्यांतील हा दोन अंशांचा फरक दुर्लक्षिला, तर १० किलोमीटरांच्या चालीत जवळजवळ ३५० मीटरांची चूक पडते. अशा ठिकाणी स्थाननिर्देश अक्षांश-रेखांशांत नोंदविणे अधिक सुरक्षित ठरते.

नकाशाचे वय हा तिसरा प्रश्न. पत्रकावरील मुद्रणवर्ष व सर्वेक्षणवर्ष ही एक नव्हेत. विश्वास ठेवावयाचा तो दुसऱ्यावर. मैलास एक इंच प्रमाणाच्या जुन्या पत्रकांवर पैनगंगेवरील इसापूरचा विस्तीर्ण जलाशय नाही, बेंबळा प्रकल्पाचे पाणीही नाही. उलट मूर्तिजापूर–यवतमाळ हा अरुंदमापी लोहमार्ग त्यांवर ठळक दिसतो, पण त्यावरून आता गाड्या धावत नाहीत. वणीकडील उघड्या कोळसाखाणींनी तर भूमीचे रूपच पालटले आहे. जुने पत्रक गावांची नावे व पायवाटा यांसाठी उपयुक्त असते. मार्ग ठरविताना त्यास अलीकडील उपग्रहचित्राची जोड द्यावी. २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भूस्थानिक माहितीवरील निर्बंध बरेच सैल केल्यामुळे हे काम पूर्वीपेक्षा सुलभ झाले आहे.

सर्वांत महत्त्वाची बाब पाण्याची. या पत्रकांवर बारमाही पाणी निळ्या रंगाने व कोरडे पात्र काळ्या रेषेने दाखवितात. उन्हाळ्याच्या तोंडावर निघणाऱ्या अभ्यासकाने काळ्या रेषांच्या दाट जाळ्यावर भिस्त ठेवू नये. तो ओढ्यांचा पसारा केवळ पावसाळ्याचा असतो. निळी रेषादेखील सर्वेक्षणाच्या काळची साक्ष देते, आजची नव्हे. म्हणून प्रत्येक मुक्काम वस्तीच्या गावाजवळ आखून तेथील विहिरीची खात्री गावकऱ्यांकडून आगाऊ करून घ्यावी.

टिपेश्वर व पैनगंगा या अभयारण्यांच्या हद्दीही पत्रकांवर तपासून घ्याव्यात. टिपेश्वरात वाघांचा वावर आहे. नकाशावर पायवाट दिसते एवढ्याने तीवरून जाण्याची मुभा मिळत नाही, त्यासाठी वनविभागाची अनुमती आवश्यक असते.

सारांश, आखणीसाठी लहान प्रमाणाचा नकाशा, चालण्यासाठी १ : ५०,००० ची पत्रके व पडताळणीसाठी उपग्रहचित्र अशी त्रयी सिद्ध करावी. पत्रके एकमेकांस जोडण्यापूर्वी त्यांची मालिका, पट्टा व सर्वेक्षणवर्ष ही तिन्ही प्रत्येकाच्या समासात वाचावी. ज्या जिल्ह्यात चार अंश-विभाग एकाच बिंदूशी मिळतात, तेथे समासातील ही माहिती नकाशातील चिन्हांइतकीच मोलाची ठरते.