विमान पुढे कसे जाते?

आकाशात घरघर ऐकू आली की आपण हातचे काम टाकून वर बघतो. विमानाचे पंख हालत नाहीत. मग एवढे मोठे धूड पुढे जाते कशाच्या जोरावर?

एक फुगा घ्या. तो फुगवा आणि तोंड न बांधता सोडून द्या. हवा मागे सुटते, फुगा पुढे पळतो. होडीतून काठावर उडी मारा. आपण पुढे जातो, होडी मागे सरते. आपण ज्याला ढकलतो, ते आपल्याला उलट ढकलते. न्यूटन या इंग्रज शास्त्रज्ञाने १६८७ साली आपल्या ग्रंथात हा नियम मांडला. जेट इंजिन याच नियमावर चालते.

मागे सुटलेला झोत मागच्या हवेला रेटतो, म्हणून विमान पुढे जाते, असे कित्येकांना वाटते. आम्हीही पूर्वी वर्गात तसेच सांगत होतो. ते चूक होते. इंजिन हवेला मागे फेकते, तेव्हा तीच हवा इंजिनाला पुढे ढकलते.

आता इंजिनाच्या आत बघू. लोहार भात्याने हवा देतो, मग भट्टी फुलते. इथे भात्याच्या जागी फिरती पाती असतात. ती हवा आत ओढतात आणि दाबून दाबून भट्टीत सोडतात. तिथे रॉकेलच्या जातीचे तेल जळते. हवा तापते, फुगते आणि जोराने मागे धावते. जाता जाता ती मागची चक्रे फिरवते. त्या चक्रांच्या दांड्याने पुढची पाती फिरतात. असे हे रहाट चालू राहते.

आजच्या प्रवासी विमानांत इंजिनाच्या तोंडाशी मोठा पंखा असतो. त्याने ओढलेली बहुतेक हवा भट्टीत जातच नाही. ती बाजूने मागे फेकली जाते. विमानाला जास्त रेटा तिचाच मिळतो.

जेट इंजिनावरचे पहिले विमान २७ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनीत उडाले. एअर इंडियाने १९६० साली जेट विमाने सुरू केली.

इंजिन बळकट खरे, पण पाखरांपुढे तेही हरते. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कहून एक विमान उडाले. थोड्याच वेळात रानहंसांचा थवा त्याला धडकला. दोन्ही इंजिनांचा जोर गेला. वैमानिक सलेनबर्गर यांनी विमान हडसन नदीच्या पाण्यावर उतरवले. आतली १५५ माणसे वाचली. सगळ्यांचेच नशीब असे नसते.

घारी, कावळे कुठे जमतात? जिथे खरकटे, मांस, मेलेली जनावरे पडतात तिथे. म्हणून विमानतळाजवळ अशी घाण उघड्यावर टाकायला मनाई आहे. कुणी टाकताना दिसला तर त्याला हे समजावून सांगा. वरून जाणारी माणसे आपल्या ओळखीची नसतात. पण त्यांचा जीव काही अंशी आपल्या हाती असतो.